बर्फाच्या पेटीतला चीक

“दोन भरलेल्या आहेत, तिसरी भरत आलीय. पाच नंबरच्या खाटेवर. तोवर चहा घ्या,” गवारे सिस्टर म्हणाल्या आणि फ्रिजमधून दोन छोट्या बाटल्या काढून त्यांनी माझ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. बाटल्या बोटाएवढ्या. आत पिवळसर, दाट, तारेवर आलेल्या पाकासारखं दिसणारं दूध. बाहेर चिकटपट्टीवर आईचं नाव नाही, नुसता खाटेचा आकडा.

अशा बाटल्या मी पुण्याला आमच्या लॅबमध्ये वर्षभर हाताळत होते. पण त्या येतात कुठून हे बघायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. आणायचं काम आमच्या सहायकाचं, दिघेचं. दर आठवड्याला मोटारसायकलवर पेटी बांधून तो या तालुक्याच्या गावातल्या प्रसूतिगृहात यायचा आणि दुपारच्या आत परत जायचा. त्या आठवड्यात त्याच्या बहिणीचं लग्न निघालं, म्हणून आमच्या लॅबचे प्रमुख उपासनी सर यांनी मला पाठवलं. “नीलाक्षी, ही शेवटची खेप. एवढी मिळाली की पेपर हातावेगळा,” असं म्हणून स्वतःची गाडी आणि ड्रायव्हरही दिला. सर असे एकदम उदार झाले की मला धास्तीच वाटायची.

मी चहा नको म्हटलं. कुणी ‘बसा’ म्हटलं की माझ्याच्यानं बसवत नाही. आई म्हणायची, या मुलीच्या पायाला भिंगरी आणि नाकावर राग. तर मी पेटी उचलली आणि पाच नंबरची खाट शोधत वॉर्डात शिरले.

खाटेवर विशीतली एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. छातीला हातपंप लावून ती रबरी फुगा दाबत होती. दाबला की एखादा थेंब बाटलीत पडायचा आणि तिचा चेहरा कळवळायचा. शेजारी स्टुलावर तिची सासू. बाई धिप्पाड, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ. बाळ कसलं, मूठभर जीव. सासू वाटीत कापसाची वात बुडवत होती आणि ती बाळाच्या ओठाला लावत होती. बाळ वात चोखायचं, त्यातून काही मिळत नाही म्हटल्यावर रडायचं. रडणंसुद्धा बारीक, दमलेलं.

“आल्या का तुमी?” सासू म्हणाली. “थांबा जरा, भरत आलीया. पहिलटकरीन हाय, लवकर उतरत न्हाई तिला.”

“बाळाला पाजलं का आधी?” मी विचारलं.

“पाजतीया की.” तिनं वाटी दाखवली. “साखरपाणी हाय. काल रातच्याला मधाचं बोट बी लावलंय.”

“तसं नाही. आईचं दूध?”

“तिसऱ्या दिशी. आता चीक हाय न्हवं का? त्यो कसा पाजायचा? त्यो तुमचा.”

‘त्यो तुमचा’ हे तिनं इतकं सहज म्हटलं, की मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आता या बाटल्यांत असतं काय, आणि मी त्यांच्या मागे का लागले होते, ते सांगायला हवं. बाळंत झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस आईला येतं ते दूध म्हणजे चीक. अगदी थोडा, चमचा-दोन चमचे. पण त्यात प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात. प्रतिपिंडं म्हणजे रोगजंतूंना पकडणारे शरीराचे पहारेकरी. रक्तातला पहारेकरी एकटा असतो, त्याला दोन हात. दुधातले मात्र जोडीनं असतात, पाठीला पाठ लावून उभे, चार दिशांना चार हात. आणि त्या दोघांभोवती प्रथिनाचंच एक उपरणं गुंडाळलेलं असतं. ते असतं म्हणून बाळाच्या पोटातले पाचकरस त्यांचा चट्कन फडशा पाडू शकत नाहीत. न्यूमोनियाचा जिवाणू मोठा बेरकी. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते या पहारेकऱ्यांच्या हातात सापडायचं सोडून उलट त्यांचं उपरणंच पकडतं. नेमकं कुठे पकडतं, कसं पकडतं, पहारेकरी तरीही हात चालवू शकतो का, हे अणूअणूपर्यंत बघायचं, हे माझं काम. पहारेकरी आणि जिवाणूचं ते प्रथिन यांची जोडी गोठवायची, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची लाखो अंधूक चित्रं घ्यायची आणि ती एकावर एक रचून एक स्वच्छ आकृती काढायची. माझी आकृती जवळजवळ पुरी झाली होती. पहिल्यांदा ती पडद्यावर फिरताना बघितली तेव्हा मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. परीक्षकांनी एवढंच विचारलं होतं, की आणखी काही मातांच्या दुधातही असंच दिसतं का. त्यासाठी ही शेवटची खेप. तो पेपर पुढे छापून आला, नावाजलाही गेला. आकृती माझीच आहे. नाव नाही.

आमच्या संमतीच्या कागदावर ‘बाळाचं पोट भरल्यावर उरलेलं दूध’ असं छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं आणि माझं समाधान झालं होतं. चीक उरतो कुठे, एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आम्हाला त्यातलं प्रथिन मोजायची सवय. बाळ किती पितं हे मोजायची सवय त्या इमारतीत कुणालाच नव्हती.

मी तरातरा सिस्टरांच्या खोलीत गेले.

“सिस्टर, पाच नंबरच्या बाळाला साखरपाणी चाललंय!”

“मी सांगितलं त्यांना, मध लावू नका म्हणून,” सिस्टर रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या. “ऐकत नाहीत लोक.”

“मधाचं राहू द्या. आईचं दूध का नाही? बाळाचं पोट भरल्यावर उरलेलं घ्यायचं ठरलंय ना?”

आता त्यांनी मान वर केली. “मॅडम, उरलेलं मागाल तर तुमच्या हाती रिकामी बाटली येईल. पहिल्या दिवशी उरतंय काय? तुमच्या सरांना आठवड्याला तीन बाटल्या लागतात. म्हणजे तीन बायका हव्यात, बाळाला चीक न पाजणाऱ्या. ज्या पाजत नाहीत त्यांचं घेते. ज्या पाजतात त्यांच्या वाटेला जात नाही.”

“आणि ज्या पाजत नाहीत त्यांना ‘पाजा’ म्हणून सांगत नाही.”

“अंगावर येऊ नका,” त्यांचा आवाज चढला. “मी एकटी आहे इथे. डॉक्टर सकाळपासून ऑपरेशनला. खाली काचेच्या खोलीत तो वॉर्मर बघितला? गारठलेली बाळं ठेवतो त्यात आम्ही. तुमच्या सरांनी मिळवून दिला. आधी तशी बाळं जिल्ह्याला पाठवावी लागायची, निम्मी वाटेत जायची. आता इथे वाचतात. मी दोन बोटांच्या बाटलीसाठी सरांना नाही म्हणू?”

खोटं बोलत नव्हत्या त्या. तेच तर जास्त झोंबलं. सरळसरळ वाईट माणसाशी भांडायला काही लागत नाही. मी पाय आपटत परत वॉर्डात आले.

बाळ रडायचं थांबलं होतं. झोपलं नव्हतं, थांबलं होतं. त्याची टाळू श्वासागणिक हलत होती.

“आत्याबाई, ती गप का झाली?” सुनेनं घाबरून विचारलं. तिचं नाव कोमल. खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर तिचं आणि सासूचं, फुलाबाईंचं, नाव होतं.

“दमली आसंल,” फुलाबाई म्हणाल्या, पण त्यांनीही बाळाच्या तळपायाला टिचकी मारून बघितली. बाळ कुरकुरलं.

मी खाटेवर जाऊन बसले. राग गिळून, मला जमेल तितक्या गोड आवाजात म्हटलं, “मावशी, बाळ लहान आहे. वजन कमी आहे. तिला हे दूध आत्ता पाजायला हवं.”

“पचत न्हाई त्यो.”

“पचतो. बाळासाठीच येतो तो. तुमच्याकडे गाई आहेत?”

“दोन गाई, येक म्हस.”

“गाय व्याली की तुम्ही तिच्या चिकाचा खरवस करता, घरोघरी वाटता.”

“व्हय.” फुलाबाईंच्या तोंडावर जरा खुषी आली. “आमच्या घरचा खरवस आख्खी आळी मागून न्हेती.”

“वासराला पाजायच्या आधी काढता का सगळा?”

“अवो बाई!” त्या जवळजवळ ओरडल्याच. “आसं कोन करंल? आधी वासरू. त्येला चीक मिळाला न्हाई तर त्ये उभं ऱ्हाईल का? हगवन लागून मरतंय.”

मी जिंकले असं मला वाटलं. कोमलनं पंप दाबायचा थांबवून सासूकडे बघितलं. मी म्हटलं, “मग तुमच्या नातीला काय झालं? ती वासरापेक्षा कमी का?”

फुलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. ओशाळल्या वगैरे मुळीच नाहीत. उलट, शिकलेल्या बाईला एवढंही कसं कळत नाही, असा त्यांचा चेहरा झाला.

“बाई, गाईचा चीक न्ह्यायला शहरातनं गाडी येती का?”

“नाही.”

“मग! बाईमान्साचाच का न्हेत्यात? बर्फात घालून, झाकन लावून, हातमोजं घालून? त्यात कायतरी वंगाळ आसल्याबिगर न्हेत्यात व्हय? रगत न्हेत्यात तपासायला, लघवी न्हेत्यात. खराबी आसली तरच न्हेत्यात की.” मग त्यांनी आवाज खाली आणला, मला समजावून सांगावं तसा. “माझी थोरली सून हितंच बाळंत झाली. तीन सालं झाली. तवा त्या जुन्या सिस्टरबाई हुत्या, त्यांनी पयल्याच तासाला पोरगं छातीला लावलं. पाजला तिनं चीक. माझ्या सासूनं लई आकांडतांडव केलं, पर म्याच म्हटलं, दवाखान्यातली मानसं सांगत्यात तर आसू द्या. तवा कुनाला ठावं हुतं? आता गेल्या साली तुमची ती फटफटीवाली पेटी सुरू झाली, तवा समद्या गावाला कळलं. ज्येला त्येला समजलं, की चीक काढूनच टाकायचा आसतो. तुमी मोठी मानसं काय येडी हायसा का, येवढ्या लांबनं यायला?”

मी हातातल्या पेटीकडे बघितलं.

चीक टाकायची रीत मरत आली होती. या बाईनंच सासूशी भांडून तिला अर्धमेली केली होती. आणि आम्ही, पांढरे कोट घालणाऱ्यांनी, मोटारसायकलला पेटी बांधून तिला पुन्हा उभी केली होती. आम्ही एक शब्दसुद्धा बोललो नव्हतो. नुसते आठवड्याला येऊन नेत होतो. तेवढं पुरलं. उपासनी सर सभासभांतून सांगत, ‘आईचं पहिलं दूध ही बाळाची पहिली लस.’ टाळ्या पडत. आणि त्यांची पेटी गावोगावच्या सासवांना नेमकं उलटं सांगत होती.

मी वॉर्डाबाहेर जाऊन सरांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

“बोल नीलाक्षी. मिळाल्या बाटल्या?”

मी सगळं सांगितलं. भराभर, धापा टाकत. उरलेलं नसतं, बाळाच्या तोंडचं असतं. बाळ भुकेलं आहे. आणि फुलाबाई काय म्हणाल्या ते शब्दन्‌शब्द.

सर शांतपणे म्हणाले, “हे बघ, आपण कुणाला टाकायला सांगितलेलं नाही. ते टाकतातच. आपण टाकाऊ घेतो.”

“टाकत नव्हते सर! आपण न्यायला लागल्यापासून टाकतात. आपण नेतो म्हणून टाकतात.”

सरांना पटलं, असं मला वाटलं. माणूस हुशार, मन मोठं, हे मी कितीजणांना सांगितलं होतं. आता म्हणतील, परत ये, मी डॉक्टरांशी बोलतो, हे बंद करू.

“बरं झालं आत्ताच सांगितलंस,” सर म्हणाले. “‘उरलेलं’ हा शब्द काढायला हवा पेपरातून. परीक्षकांनी पकडलं असतं. ‘मातांनी स्वेच्छेनं दिलेलं’ असं घालू. बर्फ कसाय? वितळत नाहीये ना?”

“सर, बाळ रडायचंसुद्धा थांबलंय.”

“ते सिस्टर बघतील. त्यांचं काम आहे ते. तू बाटल्या घेऊन नीघ, ऊन वाढतंय. आणि नीलाक्षी, उगाच भावनिक होऊ नकोस. पहिलं नाव तुझं आहे त्या पेपरवर.”

त्यांनी फोन ठेवला. आजही त्या आवाजातला शांतपणा आठवला की माझे कान तापतात. ओरडले असते तर परवडलं असतं. शब्द काढायला हवा म्हणे!

मी परत वॉर्डात गेले ती तशीच फुलाबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. गोड आवाज कुठे गेला ते मला ठाऊक नाही.

“मावशी, ऐका. या चिकात वाईट काही नाही.”

“तुमी म्हनताय खरं, पर…”

“वाईट म्हणून नाही नेत आम्ही. चांगला आहे म्हणून नेतो. बाळाला रोगापासून राखणारं जे काही आईच्या अंगात असतं, ते सगळं या पहिल्या दुधात उतरतं. तुमच्या घरात, गोठ्यात, गावात जे रोगराईचे जंतू असतील ते कोमलच्या अंगाला ओळखीचे आहेत. त्यांच्यावरचाच उतारा तिच्या दुधात आहे. तो पुण्यात औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून इथे येतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही दिला नसता. आम्ही चोरतोय तो!”

शेजारच्या खाटेवरची बाई डबा उघडता उघडता थांबली.

“चोरताय?” फुलाबाई म्हणाल्या.

“चोरतोय. हो.”

“मॅडम! काय वाट्टेल ते बोलताय तुम्ही?” सिस्टर दारातून धावत आल्या. “मावशी, यांचं डोकं फिरलंय, लक्ष देऊ नका.”

पण फुलाबाईंनी लक्ष दिलं होतं. इतका वेळ मी पोषण सांगितलं, पचन सांगितलं, वासरू सांगितलं, काही म्हणता काही आत शिरलं नव्हतं. चोरी मात्र लख्ख शिरली. आपलं कुणी चोरून नेतंय हे कळलं की ते मोलाचं आहे हे वेगळं पटवावं लागत नाही.

“कोमे!” त्या गरजल्या. “टाक त्यो पंप!”

कोमलनं तो कधीच टाकला होता. तिनं सासूच्या मांडीवरून बाळ उचललं, पदराआड घेतलं. बाळाला आधी जमेना. तोंड इकडेतिकडे फिरवत राहिलं. कोमलचे डोळे भरून आले. मग बाळानं एकदम धरलं. कोमल “आई गं” म्हणाली आणि रडता रडता हसली.

फुलाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली पेटी हिसकली, झाकण उघडलं. “ही कोनाची? आन ही?”

“दोन नंबर आणि सात नंबर,” मी म्हटलं. सिस्टरांनी माझ्या दंडाला धरलं, मी झटकलं.

“अगं ये दोन नंबर!” फुलाबाई खणखणीत आवाजात ओरडल्या. “तुजं दूध हितं बर्फात हाय बग! लेकराच्या वाटचं! ऊठ, पाज त्येला! आन सात नंबरची सासू कुटं गेली? बोलवा तिला! चोरून न्हेत्यात गं ह्ये समदं!”

मग जो गलका झाला! दोन नंबरची आई उठून आली, कुणाची तरी मावशी आली, चहा घेऊन आलेला एक नवरा दारातच गोंधळून उभा राहिला. बाटल्या हातोहात गेल्या. कुणी वाटी-चमचा मागितला, कुणी सिस्टरांना जाब विचारायला लागलं. सिस्टर एकदा सगळ्यांना समजावत होत्या आणि एकदा माझ्याकडे असं बघत होत्या, की मी दिसेनाशी झाले तर बरं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच बघितलं असतं. सरांचा फोन वाजत होता. मी तो बंद केला.

मला वाटलं, झालं. बाळाला दूध मिळालं. मी पाच वर्षांचं काम उधळलं होतं आणि मला आत कुठेतरी छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू? फुलाबाई आता पाठीवरून हात फिरवतील, अशी एक वेडी आशाही होती.

फुलाबाई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर माया वगैरे काही नव्हतं.

“ह्या तीन मिळाल्या,” त्या म्हणाल्या. “आन आधीचं?”

“आधीचं?”

“आमच्या आळीतल्या पमीचं पोरगं हितंच झालं, गेल्या सुगीला. तिच्या चिकाची बी बाटली न्हेली त्या फटफटीवाल्यानं. म्याच म्हटलं तिला, दे गं, वंगाळ आसतंय. पोर म्हैनाभर खोकून खोकून निळं पडत हुतं. दोनदा ॲडमिट केलं.” त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. “कुटं हाय त्ये दूध?”

खोकला कशानंही होतो. एका पोराच्या आजारावरून काही सिद्ध होत नाही, हे मला पुरेपूर माहीत होतं. ते त्या क्षणी तिथे बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

“संपलं,” मी म्हटलं.

“संपलं मंजी? कोनी पिलं?”

“कुणी नाही प्यायलं.”

“मग काय केलं त्येचं?”

“चित्र काढलं.”

“चित्र?”

“त्या दुधात रोगाला धरणारी जी वस्तू असते ना मावशी, तिचं. ती जंतूशी कशी भिडते, ते चित्रात दिसतं.”

फुलाबाई रागावून ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात, एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, “मंजी त्ये दूध रोगाला धरतंय, ह्ये तुमास्नी पैल्यापासनं ठावं हुतं?”

“हो.”

“म्हनूनच न्हेत हुता.”

“हो,” मी म्हटलं.

फुलाबाईंनी खाटेवरची रिकामी पेटी उचलली, तिच्यातलं बर्फाचं पाणी मोरीत ओतलं, झाकण लावलं आणि ती माझ्या हातात दिली. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला दारापर्यंत आणलं, उंबऱ्याबाहेर काढलं, आणि दाराला आतून कडी घातली.